घरचंच पाणी

लालबागच्या ज्या टॉवरमध्ये मेघना सावंत राहते, त्या जागी आधी त्यांची चाळ होती. मेघना त्याच चाळीत वाढली आणि लग्नही चाळीतल्याच दीपकशी झालं. एकाच मजल्यावर लहानाची मोठी झालेली दोघं, त्यामुळे नवऱ्याला 'अहो' म्हणायचं तिला कधी जमलंच नाही. सासू होती तोवर चारचौघांत ती त्याचं नावच न घेता काम भागवायची, एवढंच. चाळीत पाणी पहाटे यायचं. नळाला पांढरं फडकं बांधलेलं असायचं, ते पिवळं पडलं की बदलायचं. पाण्याची काळजी म्हणून कोणी काही करायचं ते इतकंच. आपल्या ओट्यावर कधी पाणी शुद्ध करायचं मशीन टांगलेलं असेल आणि सकाळी चहाच्या आधी आपण त्याच्यासमोर उभं राहू, असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर ती हसली असती.

दीपकच्या किडन्या गेल्या त्या गाजावाजा न करता. ब्लडप्रेशरच्या गोळ्या तो आठवण झाली तर घ्यायचा. पाय सुजायला लागले तेव्हा बुटांचा दोष काढला. परळच्या एका कुरिअर कंपनीत त्याचं बसून करायचं काम, म्हणून सूज बसल्यामुळे असेल असंही म्हणून झालं. डॉक्टरांकडे गेले तोवर वेळ निघून गेली होती. मग डायलिसिस सुरू झालं. दिवसाआड हॉस्पिटल, आणि मधल्या दिवशी गादीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहणं. पाणी मोजून प्यायचं, तेही अर्ध्या पेल्याच्या हिशोबात. चाळीच्या गच्चीवर पतंग उडवताना सगळ्यांत जास्त ओरडणारा हा माणूस तहानेने ओठ चाटत बसायचा, ते मेघनाला बघवत नसे.

त्यातून त्याला बाहेर काढलं नलूताईने. नलू ही दीपकची थोरली बहीण, गिरगावात दिलेली. ती भावाला किडनी देणार म्हटल्यावर सासरच्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. नवऱ्याने कित्येक दिवस अबोला धरला. नलूताईने तपासण्या करून घेतल्या आणि एका वाक्यात विषय संपवला. "माझी जुळता ना? मग काढा."

ऑपरेशन चांगलं झालं. बहिणीची किडनी भावाच्या पोटात पहिल्या दिवसापासून काम करायला लागली. घरी सोडताना डॉक्टरांनी मेघनाला समोर बसवून सांगितलं की, परकी किडनी शरीराने हाकलून लावू नये म्हणून आता याला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील. त्या गोळ्या शरीराची रोगाशी लढायची ताकद दाबून ठेवतात. म्हणून आपल्या पोटात जाऊन विरून जाणारा जंतू याला मात्र आडवा करू शकतो. बाहेरचं खाणं बंद. आणि पाण्याच्या बाबतीत तर कधीच, कुठेच ढिलाई नाही. मेघनाने मान हलवली. डॉक्टर बोलले त्यातलं बाकी बरंच ती विसरली, पण पाण्याचं तिने मनात असं कोरून घेतलं की ते पुढे तिच्या दिवसाचा कणाच होऊन बसलं.

दीपक घरी यायच्या आधीच ओट्याच्या वर आरओचं मशीन लागलं होतं. ते बसवायला आलेला अभय हा चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने एकेक भाग दाखवला. नळातून आलेलं पाणी आधी बाहेरच्या पारदर्शक भांड्यातल्या पांढऱ्या कँडलमधून जातं, तिथे माती आणि गंज अडकतो. मग आतला कार्बन, तो वास काढतो. मग मेम्ब्रेन नावाचा बारीक पडदा, हा खरा पहारेकरी, आणि शेवटी जंतू मारणारा निळा दिवा. "कँडल डोळ्यांना दिसते, म्हणून लोक तीच बदलतात," अभय म्हणाला. "आतलं दिसत नाही, ते विसरतात." मेघना विसरणाऱ्यांपैकी नव्हती. परळला हॉस्पिटलच्या जवळ एका चष्म्याच्या दुकानात ती काउंटरवर उभी राहायची. काचेवरचा एक धागासुद्धा दिसला की पुन्हा पुसायचा, ही सवय हाताला होतीच. तीच सवय आता मशीनला लागली. अभय सर्व्हिसिंगला आला की ती त्याच्या शेजारी उभी राहून बघायची. हळूहळू कँडल बदलणं, टाकी रिकामी करून धुणं, नळाचं तोंड घासणं हे ती स्वतःच करायला लागली. पाण्यातले क्षार मोजणारा पेनाएवढा एक मीटर तिने घेतला होता. तो पेल्यात बुडवून आकडा बघायची आणि आकडा नेहमीसारखा दिसला की मगच दीपकची बाटली भरायची. मशीनमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी बादलीत धरून त्याने लादी पुसायची.

"माझ्यापेक्षा त्या मशीनचीच तब्येत जास्त बघतेस तू," दीपक चिडवायचा.

"त्याची बघते म्हणून तुझी राहते."

"पाण्याला चव म्हणून नाही पण. काच प्यायल्यासारखं वाटतं."

त्यावर ती हसायची. वर्षं चांगली जात होती. दीपक पुन्हा कामावर जायला लागला होता. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलेला फेरफटका मारून घामेजून घरी यायचा. मुलगी अपूर्वा शिकायला नाशिकला गेली. नलूताई महिन्यातून एकदा यायची, भावाला खालपासून वरपर्यंत न्याहाळायची आणि काही न बोलता त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढायची. बघणाऱ्याला वाटलं असतं, सगळं मार्गी लागलं.

गेल्या उन्हाळ्यात टॉवरचा पाण्याचा पंप जळाला. नवा येईपर्यंत टँकरचं पाणी त्याच्याच पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं ठरलं. मेघनाने मशीनकडे जाणारा नळ ताबडतोब बंद केला आणि भरून ठेवलेल्या पाण्यावर दिवस काढले. पण साठवण संपली. नाइलाजाने तिने नळ सोडला. दुसऱ्या दिवशी बघते तर कँडल चहाच्या रंगाची झालेली. घरात दुसरी कँडल नव्हती. तिने अभयला फोन लावला, तर तो पुतणीच्या लग्नाला कणकवलीला गेलेला. "परवा येतो ताई, आल्या आल्या तुमच्याकडेच," म्हणाला. दुसऱ्या कोणाला बोलवावं का, असं तिच्या मनात आलं. पण अनोळखी माणूस काय घालून जाईल याचा भरवसा नाही, म्हणून ती थांबली. मीटरवरचा आकडा नेहमीचा होता. पाणी स्वच्छ दिसत होतं. मेम्ब्रेन आहे, निळा दिवा आहे, असं स्वतःला समजावत तिने ते दोन दिवस काढले. अभय आला, कँडल बदलली, सगळं उघडून धुतलं, आणि विषय मिटला.

पुढच्याच आठवड्यात दीपकचं पोट बिघडलं. पहिल्या दिवशी त्याने ऑफिसला कळवून टाकलं, दुसऱ्या दिवशी त्याला उठवेना. पाण्यासारखे जुलाब, थांबायचं नाव नाही. मेघनाने त्याला टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते आणि जीभ कोरडी पडली होती. रक्त तपासलं, तर किडनीचा आकडा भलताच वर गेलेला. अंगातलं पाणी गेल्यामुळे किडनीला धक्का बसलाय, आणि त्यातच गोळ्यांचा रक्तातला अंशही वाढून बसलाय, असं डॉक्टर म्हणाले. किडनी वाचेल की नाही, ते आत्ताच सांगता येत नाही.

नलूताई गिरगावातून थेट हॉस्पिटलात आली होती. घरातल्याच साडीवर, पायात दोन वेगवेगळ्या चपला. खाटेच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मेघना. तपासणीत पाण्यातून येणारा एक परजीवी सापडला होता. चांगल्या माणसाला चार दिवस त्रास देऊन निघून जाणारा, पण अशा पेशंटला हटता हटत नाही.

"कुठलं पाणी पिता तुम्ही?" डॉक्टरांनी दीपकला विचारलं.

दीपकने एकदा नलूताईकडे बघितलं. मग छताकडे बघत म्हणाला, "घरचंच."

"बाहेर कुठे?"

"नाही. घरचंच."

मेघनाच्या डोळ्यांसमोर ती चहाच्या रंगाची कँडल आली. तिने खाटेचा लोखंडी दांडा घट्ट धरला. नलूताईने तिच्याकडे वळून बघितलं. बोलली ती नंतर, बाहेर व्हरांड्यात.

"मेघना, मशीनचा काय झाला होता काय?"

खोटं बोलायचं मेघनाच्या मनातही आलं नाही. तिने पंपाचं, टँकरचं, कँडलचं सगळं सांगितलं. दोन दिवस तसंच पाणी वापरलं, तेही सांगितलं.

नलूताईने पदर सावरला. कमरेच्या वर, जिथे टाक्यांची लांब रेघ होती, तिथे तिचा हात गेला. "मी माझा पोट कापून दिलंय गो," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, उलट पडलेला होता. "तुला नुसता पाणी सांभाळूचा होता."



दीपक बरेच दिवस हॉस्पिटलात होता. मेघना सकाळी डबा देऊन दुकानात जायची, दुकानातून परत हॉस्पिटलात. घरी यायची ती मशीनपाशी. अभयला बोलावून तिने मशीन पुरतं उघडून घेतलं. अभयने मेम्ब्रेन काढली, उजेडात फिरवून बघितली, दिवा तपासला, सांधे तपासले.

"ताई, हे यातून आलं असेल असं मला वाटत नाही," तो म्हणाला. "बाहेरची कँडल खराब झाली तरी आतलं सगळं शाबूत आहे."

"नक्की सांगता?"

अभयने मेम्ब्रेन परत जागेवर बसवली. "छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. मी तेव्हा इथे नव्हतो."

तिने पाणी तपासायला दिलं. पाण्यात काही दोष नाही असा निकाल आला. तो तिने नलूताईला फोनवर सांगितला, तर पलीकडून उत्तर आलं, "आता काय असतला? तेव्हाचा कोण बघूक गेलंय?" तेही खरंच होतं. मशीन धुऊन, सगळं नवं बसवून मग घेतलेलं पाणी ते. त्या दोन दिवसांचं पाणी कधीच पोटात गेलेलं, तपासणार काय?

दीपकला घरी सोडलं तेव्हा किडनी वाचली होती, पण पूर्वीसारखी राहिली नव्हती. आकडा खाली आला, मध्येच अडकला आणि तिथेच थांबला. "जेवढी उरलीय तेवढी सांभाळायची," डॉक्टर म्हणाले. दर आठवड्याला रक्त तपासायचं ठरलं.

आणि घरी दर दोन-तीन दिवसांनी नलूताईचे पाण्याचे डबे यायला लागले. घट्ट झाकणाचे स्टीलचे दोन डबे. गिरगावातल्या तिच्या घरी उकळलेलं, गार केलेलं, गाळलेलं पाणी. बसमधून मांडीवर धरून ती ते आणायची. वयाला साठ उलटलेली, एका किडनीवर जगणारी बाई दोन जड डबे घेऊन लिफ्टमधून बाहेर पडायची आणि ते ओट्यावर मशीनच्या बरोबर खाली ठेवायची. "हाच पिऊचा," भावाला सांगायची. मेघनाला काही म्हणायची नाही. मेघना रिकामे डबे घासून, पुसून, फडक्यात बांधून परत द्यायची. शेजारच्या बायका लिफ्टमध्ये विचारायच्या, "काय हो, गावाहून दूध येतं काय?" त्यावर ती नुसती मान हलवायची.

ती सुकायला लागली होती. स्वतःच्या हाताने भरलेल्या पेल्याकडेही तिला संशयाने बघावंसं वाटे. मशीनमधलं पाणी ती परत उकळायची, दोनदा गाळायची, आणि इतकं करून ते दीपकला द्यायचंच नव्हतं. दुकानात एका गिऱ्हाइकाला तिने दुसऱ्याचाच चष्मा दिला, मालकाने जरा आवाज चढवला, तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बसून राहिली. त्या दोन दिवसांत आपण दुसऱ्या सर्व्हिसवाल्याला का बोलावलं नाही? बाजारात जाऊन कँडल आणता आली नसती? पाणी नुसतं उकळून तर देता आलं असतं. असं तिचं मन घाण्याच्या बैलासारखं फिरत राहायचं.

शेवटी एका सकाळी, दीपक गॅलरीत खुर्ची टाकून बसला असताना, ती त्याच्यासमोर जाऊन जमिनीवर बसली.

"दीपक, माझ्यामुळे झालं हे. दोन दिवस मी ती कँडल तशीच ठेवली. मला कळत होतं, तरी ठेवली."

दीपक रस्त्याकडे बघत होता. खालून पुलावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "होतं माणसाकडून. मी काही मनात ठेवलं नाही."

मेघना त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मोकळं रडली. नवऱ्याने आपली चूक पोटात घातली, या एका गोष्टीवर तिने पुढचे कितीतरी दिवस रेटले.

मयूर दुकानात आला तो एका शुक्रवारी. मयूर म्हणजे दीपकचा शाळेपासूनचा दोस्त. काळाचौकीला एका जुन्या चाळीत राहणारा. त्या चाळीच्या तळमजल्यावर एक खोली होती, तिथे संध्याकाळी कॅरम चालायचा. आईच्या चष्म्याची काडी तुटली होती, ती बसवून घ्यायला तो आला होता.

"वहिनी, दीपक कसा आहे आता? मी यायचं यायचं म्हणतो, पण आईला सोडून निघता येत नाही."

"बरा आहे. ऑफिसला जाईल पुढच्या महिन्यापासून." मेघनाने काडी हातात घेतली. "आईंना काय झालं?"

"तेच की. पोट. आता बरी आहे, पण अशक्तपणा जात नाही. आमच्या चाळीत तेव्हा एक घर सुटलं नव्हतं वहिनी. रस्ता खणताना पाइप फुटला, गटाराचं पाणी लाइनीत शिरलं. आम्हाला कळलं तोवर सगळ्यांनी पिऊन झालेलं." मयूरने मान हलवली. "तेव्हाच मला वाटलं, दीपकचं काही खरं नाही. रोज संध्याकाळी कॅरमला आला की आधी माठापाशी जायचा. मी म्हणायचो, अरे तुझी बाटली आण. तर म्हणायचा, इथलं पाणी गोड लागतं. बिचारा. त्याच आठवड्यात अॅडमिट झाला ना?"

मेघनाच्या हातात बारीक स्क्रू होता. तो तिने जागेवर बसवला, पिळला, चष्मा पुसला, उघडझाप करून बघितला.

"रोज यायचा?" तिने विचारलं.

"रोज म्हणजे, फेरफटक्याला निघाला की यायचाच. का?" मयूरच्या चेहऱ्यावर आता कुठे शंका उमटली. "तुम्हाला माहीत होतं ना, वहिनी?"

"आईंना सांगा, आता दुखणार नाही कानाला," मेघना म्हणाली आणि चष्मा त्याच्या हातात दिला.

ती घरी आली, स्वयंपाक केला, दीपकला वाढलं. त्याने विचारलं, आज गप्प का? ती म्हणाली, डोकं दुखतंय. तिला राग यायला हवा होता, तो येतच नव्हता. तिला सारखं वाटत होतं, तो आज सांगेल. उद्या सांगेल. शनिवार गेला. त्याने सांगितलं नाही.

रविवारी नलूताई आली. डबे ओट्यावर ठेवले, घाम पुसला आणि खुर्चीवर टेकली. त्या दिवशी तिचा पाय सुजला होता, चेहराही ओढलेला होता. मेघनाने पुढे केलेलं पाणी तिने बाजूला ठेवलं.

"मी काय म्हणतंय," ती दीपकला म्हणाली, "थोडे दिवस माझ्याकडे येऊन रव. हयसर जिवाक घोर नको. मी उकळून देईन, माझ्या डोळ्यांसमोर पिशील." आणि मग मेघनाकडे न बघता, "हिच्यावर आता किती टाकूचा?"

मेघनाने दीपककडे बघितलं. ती थांबली. त्याला बोलायला जागा दिली. दीपक टीपॉयवरचा पेपर सरळ करत राहिला.

"जायचं असेल तर जा," मेघना म्हणाली. "पण आधी ऐक. मयूर दुकानात आला होता शुक्रवारी."

पेपर सरळ करणारा हात थांबला.

"काय झाला? मयूरचा काय?" नलूताईने विचारलं. मग ती भावाकडे वळली. "दीपक, काय झाला?"

दीपकने सांगितलं. मान खाली घालून, तुटक तुटक सांगितलं. फेरफटक्याला म्हणून निघायचा, काळाचौकीला जायचा. तिथे कॅरम, तिथे माठ. "सुरुवातीला नाही म्हणायचो मी. मग एकदा प्यायलो. काही झालं नाही. परत प्यायलो. तिकडे मला कोणी पेशंट म्हणून बघत नाही. चार माणसं पितात त्या पेल्याने मी पण प्यायचो, एवढंच."

"आणि डॉक्टरांनी विचारला तेव्हा?"

"तू समोर उभी होतीस, ताई." त्याने पेपर बाजूला सारला. "तू दिलेली किडनी, आणि मी माठातलं पाणी प्यायलो, हे तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने सांगू? घाबरलो मी. निघून गेलं तोंडातून. नंतर मागे घेता आलं नाही."

नलूताई उठली. मेघनाला वाटलं, ही आता ओरडेल, मारेलसुद्धा. पण ती ओट्यापाशी गेली, आपले दोन्ही डबे उघडले आणि इतक्या लांबून आणलेलं पाणी शांतपणे बेसिनमध्ये ओतून दिलं. पाणी संपेपर्यंत तिची पाठच दिसत होती. मग ती वळली.

"मेल्या," एवढंच ती भावाला म्हणाली. आणि मेघनाला, "तू का नाही बोललीस गो? मी तुला इतका बोलले. त्या दिवशी व्हरांड्यात बोलले."

"मला कुठे माहीत होतं?" मेघना म्हणाली. "मला वाटलं, मीच केलं."

नलूताई मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. दीपक तिच्याजवळ सरकला, तेव्हा तिने त्याचा हात झटकला. नंतर तोच हात धरून ठेवला. मेघना दाराच्या चौकटीला टेकून ते बघत होती. आपण कोणाजवळ जाऊन बसावं, हे तिला कळत नव्हतं.

त्या दिवसापासून मेघनाने मशीनला हात लावला नाही. भांडण नाही, टोमणा नाही. फक्त दीपकला सांगितलं, "अभयचा नंबर तुझ्या फोनमध्ये टाकलाय. पाण्याचं आता तू बघायचं." तिने स्वतःसाठी नळाचं पाणी उकळून वेगळं ठेवायला सुरुवात केली. दीपकने एकदोनदा समजूत काढायचा प्रयत्न केला. पण ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. त्याने अभयला बोलावून सगळं शिकून घेतलं. पहिल्यांदा स्वतः कँडल बदलली, तेव्हा भांड्याचं झाकण तिरकं बसलं आणि स्वयंपाकघरभर पाणी झालं. मेघना बाहेर भाजी निवडत होती. पाण्याचा ओघळ तिच्या पाटापर्यंत आला. तिने पाट उचलून पलीकडे ठेवला आणि निवडत राहिली. दीपक गुडघ्यांवर बसून, फडक्याने पाणी टिपत टिपत उंबऱ्यापर्यंत आला. तिथे थांबून तिच्याकडे बघत राहिला. तिने वर बघितलं नाही.

तो बदलला हे खरं. कॅरमला अजून जातो, पण खांद्याला बाटली अडकवून. टाकी धुवायचा दिवस विसरत नाही. दर सकाळी पेल्यात मीटर बुडवून बघतो आणि आकडा मोठ्याने सांगतो, कोणी ऐको न ऐको. किडनीचा आकडा मात्र त्याचं ऐकत नाही. मध्यंतरी तो पुन्हा थोडा सरकला. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि बघू म्हणाले.

त्या सुमाराला मेघना गिरगावात नलूताईकडे दोन दिवस राहायला गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नणंदेकडे अशी एकटी ती कधीच गेली नव्हती. नलूताईनेच फोन केला होता. हल्ली ती भावाला न करता आधी मेघनाला फोन करते. दुपारी दोघी खिडकीपाशी कोलंबी सोलत बसल्या. नलूताईचा नवरा आतल्या खोलीत झोपला होता.

"तो रोज फोनवर रडता माझ्याकडे," नलूताई म्हणाली. "म्हणता, मेघना बोलत नाही."

"बोलते की. जेवायला ये म्हणते, औषध घेतलंस का विचारते."

"त्याका बोलणं म्हणतत?"

मेघनाने हातातली कोलंबी सोलून वाटीत टाकली. "पाणी प्यायला त्याचं मला काही नाही, नलूताई. खरंच नाही. इतकी वर्षं काच प्यायल्यासारखं पाणी पिऊन कंटाळला असेल माणूस. डॉक्टरांसमोर खोटं बोलला, तेही एक वेळ समजू शकते, घाबरला असेल." ती थांबली. "पण मी त्याच्या पायाशी जाऊन बसले होते. माझ्यामुळे झालं म्हणून सांगत होते. आणि त्याने मला माफ केलं. डोक्यावर हात ठेवून माफ केलं. तो हात अजून डोक्यावर असल्यासारखा वाटतो मला."

नलूताईने भावाची बाजू घेतली नाही की त्याला शिव्याही दिल्या नाहीत. ती कोलंबीचे काळे धागे काढत राहिली. आतल्या खोलीत पंखा घरघरत होता.

"मंगळवारी रक्त तपासूचा आसा ना त्याचा?" तिने विचारलं.

"हो. सकाळी."

"मी येतंय."

"एकट्या कुठे येता, तुमचा पाय सुजलाय. मी इथूनच टॅक्सी करते," मेघना म्हणाली. "आपण दोघी जाऊ. त्याला म्हणावं, तिकडेच ये."